पाठीवरचा पत्ता

हैतीच्या बाजारात जाऊन ‘मादान सारा’ कोण असं विचारलं, तर लोक एखाद्या बाईकडे बोट दाखवतील. खेड्यापाड्यांतून केळी, रताळी, शेंगा विकत घ्यायच्या, ट्रकवर चढवायच्या, शहर गाठायचं आणि संध्याकाळपर्यंत घासाघीस करत माल संपवायचा, हा या बायांचा धंदा. देशातला शेतमालाचा बराचसा व्यापार त्यांच्याच डोक्यावरून चालतो. 2020 साली त्यांच्यावर ‘मादान सारा’ याच नावाचा माहितीपटही निघाला. नाव मात्र त्यांचं स्वतःचं नाही, एका पक्ष्याकडून आलेलं आहे. पिवळाधमक अंग, काळं डोकं, लाल डोळा, चिमणीहून थोडा मोठा. थव्याने हिंडतो, दाणे जिथे असतील तिथे पोचतो आणि एक क्षण गप्प बसत नाही. बाजारातल्या बायांना हे नाव कौतुकाने पडलं की वैतागाने, हे ज्याचं त्याने ठरवावं.

यातली गंमत मराठी माणसाला पटकन कळेल. या पक्ष्यांत घरटं विणतो तो नर आणि लोकांनी नाव दिलं बाईचं. आपणही तेच केलं आहे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकणारे खोपे नर विणतात आणि पक्ष्याला आपण म्हणतो सुगरण.

हा मादान सारा मूळचा हैतीचा नाही, अख्ख्या अमेरिका खंडाचाही नाही. तो आफ्रिकेचा. अठराव्या शतकात हैती ही फ्रेंचांची साखरेची वसाहत होती आणि गुलामांनी भरलेली जहाजं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तिकडे जात होती. त्याच समुद्रमार्गाने हे पक्षी हिस्पॅनिओला बेटावर पोचले. हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे दोन देश या एकाच बेटावर आहेत. आता प्रश्न असा, की हा पक्षी सेनेगलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जवळपास सगळीकडे आढळत असताना बेटावरचे पक्षी पश्चिमेकडूनच आले हे कशावरून? केनियातून किंवा मोझांबिकमधून का नाही? याचं उत्तर पक्ष्याच्या डोक्यावर आणि पाठीवर आहे.

इंग्रजीत याला ‘व्हिलेज वीव्हर’ म्हणतात, म्हणजे गावातला विणकर. आपण सोयीसाठी गावसुगरण म्हणू. शास्त्रीय नाव प्लोसियस कुकुलॅटस. प्लोसियस म्हणजे विणणारा, कुकुलॅटस म्हणजे टोपडं घातलेला. डोक्यावरच्या काळ्या रंगाचं टोपडं. ‘गाव’ हा शब्द त्याला शोभून दिसतो. रानात झाडं हवी तेवढी असली तरी तो माणसांच्या वस्तीतलं एखादं उंच झाड किंवा माड निवडतो आणि त्याच झाडावर डझनांनी, कधी शंभराहून अधिक घरटी टांगतो. पाती ओरबाडून ओरबाडून माडाची नुसती हाडं शिल्लक ठेवतो. वस्तीत साप, माकडं, शिकारी पक्षी कमी फिरकतात, त्यामुळे गोंगाट माणसाने सोसायचा आणि पिलं याची वाढायची, असा व्यवहार. नायजेरियातल्या योरुबा भाषेत त्याला ‘एगा’ म्हणतात आणि फार बडबडणाऱ्याची तुलना त्याच्याशी करतात. म्हणजे अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या लोकांनी त्याची एकच खोड हेरली.

आता घरट्याबद्दल, कारण ते सोडून या पक्ष्याबद्दल लिहिणं म्हणजे गवंड्याबद्दल लिहिताना भिंत विसरणं. नर उंच गवताच्या किंवा माडाच्या पात्याला कडेने चोचीने एक चीर देतो, तिथे पकडून उडतो आणि लांबलचक पट्टी सोलून आणतो. पट्टी हिरवी आणि लवचीक हवी, सुकली की मोडते. फांदीच्या टोकाला ती गुंडाळून, गाठ मारून आधी एक उभं कडं तयार होतं. नर त्या कड्यात बसतो आणि मग सगळं काम त्याच बैठकीवरून करतो. पुढे झुकून चोच पोचेल तिथपर्यंत विणत गेला की अंड्यांची खोली होते, मागे वाकून विणला की प्रवेशाचा भाग होतो. मोजमाप म्हणून त्याच्याजवळ फक्त स्वतःचं अंग असतं. दार खालच्या बाजूला. सामान हाताशी असेल तर साधारण एका दिवसात बाहेरचं कवच उभं राहतं.

मग जाहिरात. नर दाराला उलटा लटकतो आणि पंख फडफडवून पिवळं अस्तर दाखवतो. मादी आत शिरते, चोचीने पट्ट्या ओढून बघते. पसंत पडलं तर मऊ गवत आणून आतलं अस्तर तीच घालते आणि मग नर दाराला आखूड नळी जोडतो. पसंत पडलं नाही तर घरटं आठवड्याभरात सुकून तपकिरी होतं. शिळ्या घरट्याकडे माद्या ढुंकून पाहत नाहीत. तेव्हा नर स्वतःच्या हाताने, म्हणजे चोचीने, ते उसवून टाकतो आणि त्याच जागी पुन्हा सुरुवात करतो. आपल्या सुगरणीची मादी अर्धवट विणलेल्या, शिरस्त्राणासारख्या खोप्याचीच पाहणी करते, ही तर पूर्ण कवच तयार झाल्याशिवाय येत नाही. दोन्हीकडे परीक्षक कडकच.

हे सगळं आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे ते प्रामुख्याने निकोलस आणि एल्सी कोलायस या नवराबायकोमुळे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मोठे पिंजरे बांधून आणि आफ्रिकेत जाऊन त्यांनी या एका पक्ष्यावर अनेक वर्षं घालवली. विणकाम जन्मजात की शिकलेलं, हा त्यांचा आवडता प्रश्न. त्यांनी काही कोवळ्या नरांना वाढत्या वयात विणायला कुठलीच वस्तू मिळू दिली नाही. मोठे झाल्यावर त्यांच्यापुढे पाती ठेवली, तर त्यांना सुरुवातीला एक पट्टीही धड विणता येईना. विणण्याची ओढ उपजत असते, हात बसायला सराव लागतो. कुठल्याही पैठणीच्या विणकराला हे सांगायला प्रयोगशाळा लागली नसती, पण शास्त्राला पुरावा लागतो.

या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळालं 1776 साली. ते देणाऱ्या फिलिप स्टाटियस म्युलर या जर्मन माणसाने सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसच्या ग्रंथाचं भाषांतर केलं आणि त्याला स्वतःची पुरवणी जोडली. त्या पुरवणीतली बरीच नावं त्याने फ्रान्समध्ये छापलेल्या रंगीत चित्रांवरून दिली, पक्षी न पाहता. नाव टिकलं आणि पश्चिम आफ्रिकेतला पक्षी या प्रजातीचा मूळ नमुना ठरला. पुढच्या दीडशे वर्षांत आफ्रिकेच्या वेगवेगळ्या टोकांहून कातडी युरोपात पोचत गेली आणि प्रत्येक पेटी उघडणाऱ्याला वाटलं, हा काही तोच पक्षी नाही. 1789 मध्ये ग्मेलिनने इथिओपियाच्या पक्ष्याला ‘ॲबिसिनिकस’ म्हटलं. 1819 मध्ये व्हिएयोने ‘कोलॅरिस’, म्हणजे गळपट्टीवाला. 1831 मध्ये व्हिगर्सने दक्षिण आफ्रिकेच्या पक्ष्याला ‘स्पायलोनोटस’, म्हणजे ठिपक्यांच्या पाठीचा. 1867 मध्ये केपटाउनच्या संग्रहालयातल्या लेयार्डने ‘नायग्रिसेप्स’, म्हणजे काळ्या डोक्याचा. हे सगळे आपापल्या परीने नवी प्रजाती जाहीर करत होते. नंतर मधल्या मुलखातले पक्षी हाती आले, कड्या जुळल्या आणि हे सगळे एकाच प्रजातीच्या छत्राखाली आले. नावं मात्र फुकट गेली नाहीत, ती उपप्रजातींची नावं म्हणून मागे उरली. बहुतेक याद्या आज आठ उपप्रजाती मानतात.

नकाशा पश्चिमेकडून उलगडू. मॉरिटानिया, सेनेगल, गांबियापासून नायजेरिया, कॅमेरून आणि दक्षिण चाडपर्यंत पसरलेला तो मूळ ‘कुकुलॅटस’. डोकं पूर्ण काळं, मानेमागे बदामी-तांबूस पट्टा, छातीवरही त्याच रंगाची छटा आणि पाठीवर काळ्या-पिवळ्या रंगांनी काढल्यासारखा एक ठळक व्ही. पूर्वेला इथिओपियाच्या पठाराकडे ‘ॲबिसिनिकस’. मधे उत्तर काँगो, दक्षिण सुदान, युगांडा या पट्ट्यात ‘बोनडॉर्फी’. गॅबनपासून अंगोलापर्यंत अटलांटिकच्या बाजूने ‘कोलॅरिस’, त्याच्या छातीवर तांबूस रंग चांगलाच गडद. काँगोच्या दक्षिण भागात ‘फ्रोबेनी’, तर पूर्व काँगो, रवांडा, पश्चिम टांझानियाकडे ‘ग्राउएरी’. या मधल्या चौघांतला फरक हातात कातडी धरून, उजेडाकडे तिरकं करून पाहावा लागतो आणि त्यावर वाद घालणाऱ्यांची आयुष्यं गेली आहेत. आपण पुढे सरकू.

खरा बदल दिसतो तो पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत. सोमालियाच्या दक्षिणेपासून केनिया, टांझानियावरून मोझांबिक आणि झांबियाकडे उतरणाऱ्या ‘नायग्रिसेप्स’चं डोकं काळंच असतं, पण मानेमागचा तांबूस पट्टा गायब होतो आणि पाठीवरचा व्ही मोडून काळे-पिवळे ठिपके होतात. आणखी खाली, दक्षिण मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या ‘स्पायलोनोटस’मध्ये टोपडंच मागे सरकतं. कपाळ आणि टाळू पिवळी, काळा रंग चेहऱ्यापुरता आणि गळ्यापुरता. टोपडं काढून मुखवटा चढवल्यासारखं दिसतं. पाठ ठिपकेदारच. डकारच्या नराशेजारी डर्बनचा नर ठेवला तर नवख्याला हे दोन वेगळेच पक्षी वाटतील आणि जुन्या पुस्तकांत ते तसे वेगळे दिलेलेही आहेत. दक्षिण आफ्रिकेत कित्येक जण अजून ‘ठिपकेपाठी विणकर’ हेच जुनं नाव वापरतात.

रंगांच्या या वर्णनात माद्यांचा उल्लेख मी टाळला, कारण या नाट्यात त्या जवळजवळ नाहीत. फिकट पिवळट-हिरवट माद्या सेनेगलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत बऱ्याच सारख्या दिसतात. वीण संपली की नरही असाच विटका होतो. उपप्रजातींचा हा सगळा डोलारा नराच्या वर्षातून काही महिने टिकणाऱ्या पोशाखावर उभा आहे. मग उपप्रजाती म्हणजे नेमकं काय? एका मुलखातले बहुतांश पक्षी दुसऱ्या मुलखातल्यांहून ओळखता येतील इतके वेगळे, पण जिथे भेटतील तिथे विनासायास जोडी जमवणारे. सीमेवर दोन्हींच्या मधले पक्षी सापडतात, त्यामुळे नकाशावरची रेघ शाईची असली तरी झाडावर ती पुसट असते. मला ही व्याख्या बोलीभाषेसारखी वाटते. कोकणातली मालवणी आणि वऱ्हाडी ऐकून कोण कुठला ते कळतं, पण अमुक एका ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी असं दाखवता येत नाही.

हा पक्षी कुठे नाही, हेही पाहण्यासारखं आहे. आफ्रिकेच्या नैऋत्येकडच्या नामिब आणि कारूच्या कोरड्या मुलखात तो जात नाही; तिथलं विणकाम त्याच्या एका चुलतभावाकडे आहे. काँगोच्या दाट जंगलातही मूळचा त्याला थारा नव्हता. पण माणसाने झाडं तोडली, मळे केले, झोपड्या बांधल्या आणि त्या उजेडाच्या तुकड्यात तो मागोमाग आला. तिथे काळ्याकुट्ट रंगाच्या दुसऱ्या एका विणकराबरोबर तो एकाच झाडावर संसार थाटतो.

नावांच्या पत्त्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आपल्या सुगरणीचं शास्त्रीय नाव प्लोसियस फिलिपिनस, आणि फिलिपिन्समध्ये ही सुगरण मुळी नाहीच. लिनियसची ती चूक अडीचशे वर्षं तशीच चालत आली आहे. शिवाय 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की आशियातल्या सुगरणी आणि आफ्रिकेतले त्यांचे ‘प्लोसियस’ भाऊबंद एका फांदीवर बसत नाहीत. प्लोसियस हे आडनाव आपल्या सुगरणीचं, त्यामुळे गावसुगरणीला कधीतरी नवं आडनाव घ्यावं लागेल. मग पहिलं पानच बदलावं लागणाऱ्या पुस्तकांची रांग लागेल.

आता पुन्हा बेटांकडे. हिस्पॅनिओलाच्या नराचं डोकं पूर्ण काळं, मानेमागे तांबूस, पाठीवर व्ही. म्हणजे सेनेगल-गांबियाकडचा ‘कुकुलॅटस’. अटलांटिक ओलांडून दोनशे वर्षं उलटली तरी पाठीवरचा पत्ता पुसला नाही. याउलट हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्ये दिसणारी गावसुगरण पिवळ्या टाळूची आणि ठिपक्यांच्या पाठीची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा ‘स्पायलोनोटस’. ती तिथे आणली गेली 1886 साली. शेजारच्या रियुनियन बेटावरही साधारण त्याच काळात. मॉरिशसमध्ये कोकणातून आणि देशावरून गेलेले गिरमिटिये तोवर जवळपास पन्नास वर्षं उसात राबत होते. त्यांच्या वंशजांच्या घरी आज गणपती बसतो आणि देशाला त्या दिवशी सुट्टी असते. या लोकांना अंगणातल्या झाडावर लटकणारे खोपे पाहून आजीच्या गावची सुगरण आठवली असेल, तर चूक फक्त खंडाची.

बेटांवरच्या या दोन वसाहतींना नंतर एक वेगळंच महत्त्व आलं, आणि ते पिसांमुळे नाही, अंड्यांमुळे. आफ्रिकेत डीडरिक नावाची हिरवी, चकाकणारी छोटी कोकीळ आहे. आपल्या कोकिळेने कावळ्याला गाठावं तशी ती विणकरांना गाठते: त्यांच्या घरट्यात त्यांच्यासारखंच दिसणारं अंडं टाकते. गावसुगरणीचा यावरचा उपाय मला फार हुशारीचा वाटतो. एकाच झाडावरच्या माद्यांची अंडी वेगवेगळी असतात. कुणाची पांढरी, कुणाची निळी, कुणाची हिरवट, कुणाची ठिपकेदार, कुणाची बिनठिपक्यांची. पण एकीची सगळी अंडी तंतोतंत सारखी, आणि तो नमुना ती जन्मभर बदलत नाही. प्रत्येक मादीची ती सही असते. न जुळणारं अंडं दिसलं की ती ते घरट्याबाहेर टाकून देते. कोकिळेने कितीही नक्कल केली तरी नेमक्या कुणाची सही करायची हे तिला कळत नाही.

हिस्पॅनिओलावर आणि मॉरिशसवर डीडरिक नाही. मग सह्यांचं काय झालं? डेव्हिड लाहटी या अमेरिकन संशोधकाने गांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतली मूळ माहेरं आणि ही दोन बेटं अशा चारही ठिकाणच्या अंड्यांची तुलना केली आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही तुलना करता आली ती कुठल्या बेटाचं माहेर कोणतं हे ठाऊक होतं म्हणूनच. म्हणजे लेयार्ड-व्हिगर्स मंडळींच्या कातड्यांच्या पेट्या शेवटी इथे कामाला आल्या. मॉरिशसमध्ये सुमारे 75 पिढ्या आणि हिस्पॅनिओलावर शंभराहून अधिक पिढ्या कोकिळेविना गेल्या होत्या. दोन्हीकडे घडलं ते एकाच दिशेने. मादी-मादीतला फरक कमी झाला आणि एकाच मादीच्या अंड्यांत आपापसात फरक वाढला. सही तपासायला कुणी नाही म्हटल्यावर अक्षर बिघडत गेलं. पिसं बदलली नाहीत, अंडी बदलली.

पण नजर शाबूत राहिली. लाहटीने घरट्यांत परकी अंडी ठेवून पाहिली तेव्हा बेटांवरच्या माद्या कमी अंडी फेकत होत्या, याचं कारण त्यांना फरक कळेनासा झाला हे नव्हतं. त्यांची स्वतःचीच अंडी एकसारखी न राहिल्यामुळे परकं ओळखणं अवघड झालं होतं. खूप वेगळं अंडं दिसलं तर त्या अजूनही ते उचलून फेकत होत्या.

हिस्पॅनिओलावर ही नजर पुन्हा उपयोगी पडायची वेळ आली. दक्षिण अमेरिकेतली एक काळी, चकचकीत काउबर्ड कॅरिबियन बेटांवरून एकेक टप्पा घेत उत्तरेकडे सरकत होती आणि 1970च्या दशकात ती हिस्पॅनिओलावर पोचली. तीही दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारी. सुरुवातीच्या अभ्यासांत मादान सारा तिची अंडी बहुधा मुकाट्याने उबवत असल्याचं दिसलं. 1999 मध्ये दोन संशोधकांनी नवी निरीक्षणं छापली, तेव्हा फेकलेल्या अंड्यांचं प्रमाण कितीतरी वाढलं होतं. इतक्या थोड्या वर्षांत उत्क्रांती घडली, की माद्या आधी सुस्त होत्या आणि गरज पडल्यावर सावध झाल्या, यावर अजून वाद आहे. डोमिनिकन भातशेतकऱ्याला या वादात रस नाही. त्याच्या लेखी मादान सारा म्हणजे दाणे भरायच्या दिवसांत थव्याने उतरणारं संकट. शेताच्या कडेला मुलं डबे बडवत बसतात. थवा उठतो, एक गिरकी घेतो आणि पलीकडच्या बांधावरच्या झाडावर जाऊन बसतो. त्याच झाडावर काळ्या टोपड्याचा एखादा नर कालचं घरटं उसवत असतो.